समुद्राकडून घराकडे

सोलापूरहून दक्षिणेकडे विजापूरला, म्हणजेच आजच्या विजयपूरला, जाणारा रस्ता वडकबाळजवळ सीना नदी ओलांडतो आणि पुढे मंद्रूप या गावी येतो. गावाच्या एका अंगास सीना वाहते, तर दुसऱ्या अंगास भीमा. पुढे हत्तरसंग-कुडल येथे या दोन्ही नद्या एकमेकींस मिळतात. त्या संगमावरील देवळात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. मंद्रूपच्या परिसरातील जमीन काळी आणि कसदार आहे. ओल चांगली असली, की ज्वारीची ताटे माणसाच्या उंचीहून वर जातात. परंतु नद्या जवळ असूनही उन्हाळ्यात पुष्कळ विहिरी तळ गाठतात आणि गावकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात.

याच गावातील एका शेतकरी कुटुंबात आबा, आजी, अण्णा, आई आणि दोन मुले अशी सहा माणसे होती. मुलांपैकी मोठी ताई सातवीत शिकत होती आणि धाकटा बाळ चौथीत होता. त्यांच्या शेतात एक शेततळे अर्धवट खणलेले पडले होते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला मोठा पूर आला, तेव्हा शिवारात पाणीच पाणी झाले होते. आणि पुढे उन्हाळा येताच त्याच शेतातील विहीर आटली. आबांचे मन खचले. ते म्हणाले, "एकदा पूर, एकदा दुष्काळ. हे पाणी आपल्या हाती लागायचे नाही. खड्डा खणून काय साठवायचे?" अण्णांनी परोपरीने समजावले, पण आबांचा शब्द घरात मोडला जात नसे. तळ्याचे काम थांबले ते थांबलेच.

अशा वेळी मुंबईस नोकरी करणाऱ्या धाकट्या काकांचा निरोप आला. आबा आणि आजी यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. काकांनी मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजाची तिकिटे काढली होती. गुराढोरांसाठी अण्णा आणि आई घरी राहिले. आबा, आजी आणि दोन्ही मुले काकांबरोबर समुद्रप्रवासास निघाली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाळ्यात समुद्र खवळतो. म्हणून त्यापूर्वीच असे प्रवास उरकावे लागतात.

सुट्टीचे दिवस भरभर जातात. गोवा पाहून झाला आणि परतीच्या प्रवासातील शेवटची रात्र आली. मार्मागोवा बंदरापासून मुंबईपर्यंतचा जलमार्ग सुमारे चारशे किलोमीटरांचा आहे. एक रात्र आणि सकाळचे काही तास, एवढाच समुद्र आता उरला होता. जहाजावर सूचना झाली, की मोठे सामान रात्रीच खोलीच्या दाराबाहेर ठेवावे; सकाळी खलाशी ते एकत्र करून धक्क्यावर उतरवतील. आजींनी नातेवाइकांसाठी घेतलेली कोकमे आणि काजू पिशवीत भरले. ताईने कपड्यांच्या घड्या केल्या. बाळ मात्र एका कोपऱ्यात गाल फुगवून बसला होता. त्याच्या हातात एक बाटली होती. गोव्याच्या किनाऱ्यावर त्याने ती समुद्राच्या पाण्याने भरून घेतली होती.

"बाळ, ती बाटली सामानात ठेव," आजी म्हणाल्या.

"नको आजी. ही माझ्याजवळच असू दे. उद्या समुद्र राहणार नाही. एवढा तरी घरी नेतो."

ते ऐकून आबा हसले; पण लगेच गंभीर झाले. खिडकीबाहेर काळोखात पाणी चमकत होते. ते म्हणाले, "चार दिवस मी हेच पाहतो आहे. जिकडे नजर टाकावी तिकडे पाणी. आणि आपल्या विहिरीला घागर बुडेल एवढेही नाही. ज्याने हे सारे घडविले, त्याने वाटणी काही बरी केली नाही."

कोणी काही बोलले नाही. ताईच्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला.

पहाटे काकांनी सर्वांना वरच्या मजल्यावर नेले. जहाज उत्तरेकडे चालले होते. म्हणून किनारा उजव्या हातास होता. पश्चिम किनाऱ्यावर सूर्य मावळतो समुद्रात, पण उगवतो जमिनीच्या बाजूने. प्रथम आकाशाची कड तांबूस झाली, मग किनाऱ्यावरील डोंगरांची रेघ दिसू लागली आणि मग त्या रेघेवरून सूर्य वर आला. रात्रभर शांत वाटणारे पाणी एकाएकी चकाकू लागले.

कठड्याशी एक वयस्क खलाशी दोरांची वेटोळी नीट लावीत होता. तो रत्नागिरी जिल्ह्यातला होता. बाळने त्याला विचारले, "काका, तुमचे गाव कोठे आहे?"

"मागे राहिले," तो म्हणाला. "रात्री दोनच्या सुमारास त्याच्या समोरून गेलो. दिवे दिसले."

"मग तुम्ही उतरला नाहीत?"

खलाशी हसला. "जहाज तिथे थांबत नाही. पाच महिने झाले, प्रत्येक फेरीला गावाचे दिवे पाहतो. आता पावसाळ्यात रजा मिळेल, तेव्हा घरी जाईन. तुमचा प्रवास आज संपला. आमचा उद्या पुन्हा सुरू."

बाळ गप्प झाला. घरी परतावे लागते म्हणून तो रुसला होता. आणि ज्याला घराचे दिवे दिसूनही घरी जाता येत नाही, असा माणूस त्याच्यासमोर उभा होता.

थोड्या वेळाने उजवीकडे एक खडकाळ बेट दिसू लागले. ते खांदेरी होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये या बेटावर किल्ला बांधण्यास आरंभ केला. इंग्रजांनी तो थांबविण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, परंतु मराठ्यांनी बेट सोडले नाही. तेथे आज उभा असलेला दीपस्तंभ १८६७ मधील आहे. आता हे बेट कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाते. पुढे कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळ समुद्रात उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ लागतो. तो १८७५ मधला. रात्रीच्या वेळी या दिव्यांच्या उघडझापेवरून नाविकांना आपण कोठे आहो हे कळते.

"आता जमीन दिसू लागली. धोका संपला," आजी समाधानाने म्हणाल्या.

काका म्हणाले, "तसे नाही, आई. खोल समुद्रापेक्षा किनाऱ्याजवळच अधिक जपावे लागते. खडक, उथळ पाणी आणि जहाजांची गर्दी इथेच असते. मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट याच भागात बुडाली. १७ जुलै १९४७ चा तो दिवस. ऐन पावसाळ्यात, काशाच्या खडकाजवळ, मुंबई अगदी हाकेच्या अंतरावर असताना सहाशेहून अधिक माणसे गेली."

आजींनी नकळत हात जोडले. ज्या घरांत त्या दिवशी कोणी परतले नाही, त्या घरांची आठवण मुंबई आणि कोकण या दोघांनीही अजून ठेवली आहे.

मुंबईचे बंदर नैसर्गिक आहे. एका बाजूस मुंबईचे बेट आणि दुसऱ्या बाजूस रायगड जिल्ह्याचा किनारा यांच्यामध्ये सुरक्षित खाडी आहे. परंतु तिचा तळ सगळीकडे सारखा खोल नाही. येथे दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे पाच मीटरांपर्यंत अंतर पडते. म्हणून मोठे जहाज कोणत्या वेळी, कोणत्या वाटेने आत आणावयाचे, हे जाणणारा मनुष्य लागतो. बंदराच्या तोंडाशी एक लहान बोट जहाजाला येऊन भिडली. तिच्यातून एक अधिकारी दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढला. तो बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट होता. सातासमुद्रांचा अनुभव असलेला कप्तानसुद्धा येथे त्याचा सल्ला घेतो. कारण या पाण्याखालची जमीन वाटाड्याला तळहातासारखी ठाऊक असते.

जहाज आता फार सावकाश चालू लागले. डाव्या हातास १९२४ मध्ये पूर्ण झालेले गेटवे ऑफ इंडिया आले आणि मागे पडले. समोर घारापुरीचे बेट धुक्यात निळसर दिसत होते. टग नावाच्या लहानशा पण जोरदार बोटींनी जहाजाला हळूहळू ढकलीत बॅलार्ड पिअरच्या धक्क्याकडे नेले. सकाळी भेटलेला खलाशी आता पुढच्या टोकाशी उभा होता. त्याने टोकाला वजन बांधलेली एक बारीक दोरी नेम धरून धक्क्यावर फेकली. धक्क्यावरील कामगारांनी ती झेलली आणि ओढली. तिच्यामागून हाताच्या मनगटाहून जाड असा दोर आला. तो त्यांनी लोखंडी खुंटाला अडकविला. एकामागून एक दोर बांधले गेले, तेव्हा कोठे जहाज स्थिर झाले. आबा लक्ष देऊन पाहत होते. ते म्हणाले, "बैल दावणीला बांधतात, तसे बांधले की हो! एवढा थोरला जीव, पण आधी बारीक दोरी हाती आली म्हणूनच सापडला."

उतरण्याची शिडी लागली. उतरताना आजींनी त्या खलाशाच्या हातावर घरच्या शेंगांच्या चटणीची पुडी ठेवली. "आमच्या सोलापूरकडची आहे. भाकरीबरोबर खा, बाबा," त्या म्हणाल्या. खलाशाने ती कपाळाला लावली आणि तो पुढच्या कामाला लागला.

धक्क्यावर पाय ठेवताच बाळ थबकला. "ताई, जमीन हलते आहे!"

आबांनाही तसेच वाटत होते. पण ते बोलून दाखवीत नव्हते. ताईने वर्गात ऐकलेले सांगितले. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. काही दिवस जहाज डुलत राहिले, की मेंदू त्या डुलण्याला सरावतो. मग स्थिर जमिनीवर आल्यावरही काही काळ तो डुलण्याची अपेक्षा धरून बसतो. म्हणून जमीन हलल्याचा भास होतो. बहुतेकांचा हा भास लवकरच ओसरतो. "म्हणजे आपण उतरलो, पण आपला मेंदू अजून बोटीवरच आहे," बाळ म्हणाला, आणि सारेजण हसले.

काका मुंबईतच राहणार होते. त्यांनी सर्वांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आणून दुपारी चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिले. निघताना त्यांनी आबांच्या पायांना हात लावला. आबा एवढेच म्हणाले, "फार मोठे पाहिले रे, पोरा." गाडी सुटली, आणि समुद्र घरांच्या गर्दीआड दिसेनासा झाला.

कर्जत आले. येथे गाडीला मागून ढकलण्यासाठी आणखी इंजिने जोडतात. कारण पुढे बोरघाट चढावयाचा असतो. कर्जत ते लोणावळे या सुमारे अठ्ठावीस किलोमीटरांत गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंच चढते. काही ठिकाणी सदतीस मीटर पुढे गेले, की लोहमार्ग एक मीटर वर उचललेला असतो. पंचवीसहून अधिक बोगदे एकापाठोपाठ एक येतात. मुले प्रत्येक बोगद्यात ओरडत होती. हा घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. गमतीची गोष्ट अशी, की सोलापूरपर्यंतची रेल्वे त्याआधीच, १८६० मध्ये, पोहोचली होती. मधला घाट तेवढा अपुरा होता. तो प्रवाशांना पालखीतून, तट्टावर किंवा पायी ओलांडावा लागे. हा घाट फोडताना पडझडीने आणि रोगराईने हजारो मजुरांनी प्राण गमावले. आज आपण खिडकीत बसून जो डोंगर तासाभरात चढतो, तो त्यांच्या श्रमांमुळे.

लोणावळ्याच्या फलाटावर पिवळी पाटी दिसली. तिच्यावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली होती. ती सहाशे मीटरांहून अधिक होती.

"आबा, ही पाटी पाहा," ताई म्हणाली. "समुद्र इतका मागे राहिला, तरी उंची मोजली ती त्याच्यापासूनच."

"समुद्र तर खालीवर होत असतो. सकाळी वाटाड्या भरती पाहूनच आला होता. मग मोजायचे कोठून?" आबांनी विचारले.

प्रश्न मार्मिक होता. समुद्राची पातळी घटकेघटकेला बदलते. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाने मुंबईसह देशातील अनेक बंदरांत वर्षानुवर्षे भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांवरून सरासरी पातळी ठरविली. तीच समुद्रसपाटी होय. देशातील डोंगर, धरणे, कालवे आणि रेल्वेमार्ग यांच्या उंचीचे मोजमाप या सपाटीपासून होते. ज्या गावाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याची उंचीही समुद्रापासूनच मोजली जाते.

घाट मागे पडला तसा बाहेरचा देखावा बदलू लागला. दाट झाडी विरळ झाली. टेकड्या उघड्या दिसू लागल्या. ताईने आपली वही काढली आणि काल रात्रीपासून मनात घोळणारा प्रश्न बोलून दाखविला.

"आबा, तुम्ही म्हणालात, की वाटणी बरी झाली नाही. पण समुद्र आपले पाणी आपल्याकडे पाठवीत असतो. ते घाटात अडते."

तिने वहीत एक आकृती काढली. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वारे येतात. समुद्रावरून येताना ते बाष्पाने भरलेले असतात. वाटेत सह्याद्रीची भिंत लागली, की त्यांना वर चढावे लागते. वर चढताच हवा थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि ते धो धो कोसळते. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक, तर लोणावळ्याच्या परिसरात चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारी हवा मात्र कोरडी होत जाते. म्हणून पुण्याच्या पुढे पाऊस कमी कमी होतो. सोलापूरच्या वाट्याला सर्वसाधारणपणे पाचशे ते सातशे मिलिमीटर एवढाच येतो. अशा प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

"म्हणजे आपला वाटा डोंगराने खाल्ला," आबा म्हणाले.

"सगळा नाही खाल्ला. थोडा परत दिला. तो अजून यायचा आहे," ताई म्हणाली.

दौंड गेले. सायंकाळ होऊ लागली. भिगवणच्या पुढे गाडी एका लांब पुलावर चढली आणि दोन्ही बाजूंस पाणी पसरलेले दिसले. उन्हाळ्यामुळे ते बरेच ओसरले होते. तरीही मावळतीच्या उजेडात दूरवर झळकत होते. बाळ ओरडला, "ताई, समुद्र!"

"समुद्र नव्हे, ही आपली भीमा," ताई म्हणाली. "हे उजनी धरणाचे पाणी."

आबा खिडकीशी आले. भीमा उगम पावते ती पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरील भीमाशंकर येथे. तेथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा दूर नाही. परंतु जमिनीचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती जवळच्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि ८६१ किलोमीटर वाहत जाऊन कर्नाटकात रायचूरच्या परिसरात कृष्णेस मिळते. कृष्णा तिला बंगालच्या उपसागराला नेऊन पोहोचविते. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस असा मागच्या दाराने सोलापूरकडे येतो. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. जिल्ह्यातील शेती, कारखाने आणि सोलापूर शहर यांना त्याचा मोठा आधार आहे.

"आणि आबा, सप्टेंबरातला पाऊस आपल्याकडे दुसऱ्याच बाजूने येतो," ताई पुढे सांगू लागली. "आपल्या भागात सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. पुष्कळदा तो बंगालच्या उपसागरावर तयार होऊन इकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे पडतो. भीमा ज्या समुद्राला पाणी नेऊन देते, तोच समुद्र ते आपल्याला परत करतो."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. पूल संपला, पाणी मागे पडले, तरी ते बाहेर पाहत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "पाणी येते, पोरी. उशिरा येते, एकदम येते, पण येते. ते आले तेव्हा आमच्याकडे भांडे नव्हते."

कुर्डुवाडी, मोहोळ अशी स्थानके गेली. अंधारात गाडी सीना ओलांडून सोलापुरास पोहोचली, तेव्हा रात्र झाली होती. येथील पाटीवरचा आकडा बाळने स्वतः वाचला. उंची सुमारे साडेचारशे मीटर होती. सकाळी ज्या पाण्यावर ते तरंगत होते, त्याच्यापेक्षा ते आता इतक्या उंचावर उभे होते. अण्णा जीप घेऊन आले होते. रस्त्यावर गरम वारा वाहत होता. वडकबाळच्या पुलाखाली सीनेचे पात्र बहुतेक कोरडे पडले होते. घरी पोहोचताच आईने सर्वांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि गरम पिठले-भाकरी वाढली. जहाजावर नाना प्रकारची पक्वान्ने होती. पण त्या रात्री बाळने तीन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ आपली बाटली घेऊन अंगणात आला. उन्हाने तुळस कोमेजली होती. तो पाणी ओतणार, एवढ्यात ताईने त्याचा हात धरला. "थांब! ते खारे आहे. त्याने तुळस जळेल." मग तिने स्टीलची परात आणली आणि बाटलीतील पाणी तीत ओतले. वर बारीक फडके बांधून परात उन्हात ठेवली.

सोलापूरकडचे मे महिन्यातील ऊन म्हणजे भट्टीच. पाणी घटकेघटकेने उतरू लागले. तिसऱ्या दिवशी फडके काढले, तेव्हा परातीत पाण्याचा थेंबही नव्हता. तळाशी पांढरे कण चमकत होते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांत मोठा भाग आपल्या रोजच्या मिठाचा.

बाळ हिरमुसला. "माझा समुद्र गेला!"

"गेला नाही, वर गेला," ताई म्हणाली. "मीठ खाली राहिले आणि गोडे पाणी वाफ होऊन हवेत मिसळले. समुद्रावरही रोज हेच घडते. म्हणून समुद्र खारा असला, तरी पाऊस गोड असतो."

ओसरीवर बसलेले आबा उठून परातीजवळ आले. त्यांनी बोटाने ते कण टिपून जिभेला लावले. मग पश्चिमेकडे पाहिले. आभाळ अजून निरभ्र होते. पण वारा त्या दिशेने वाहू लागला होता. पाऊस यावयास पुरते दोन आठवडेही नव्हते.

"अण्णा," त्यांनी मुलाला हाक मारली, "कुदळी-फावडी काढ. तळ्याचे राहिलेले काम आजच धरू. समुद्राने पाठवावे आणि आपण ठेवून घेऊ नये, हे बरे नव्हे."

त्या दिवशी सायंकाळपर्यंत घरातील सारी माणसे शेतात होती. बाळही लहानशा घमेल्याने माती वाहत होता. दोघे शेजारी पाहावयास आले आणि पाहता पाहता त्यांनीही फावडी उचलली.

प्रवासाहून परतलेला मनुष्य बरोबर काय आणतो, यावरून त्याच्या प्रवासाची किंमत ठरते. कोणी वस्तू आणतो, कोणी छायाचित्रे आणतो. मंद्रूपच्या त्या आजोबांनी एका जुन्या प्रश्नाचे उत्तर आणले, आणि ते आपल्या शेताच्या कामी लावले.

स्वाध्याय

१. शेततळ्याचे काम आबांनी का थांबविले होते? ते पुन्हा सुरू करावे असे त्यांना का वाटले?

२. किनारा जवळ आल्यावर जहाजाला अधिक जपावे का लागते? वाटाड्याचे काम तुमच्या शब्दांत सांगा.

३. खलाशाचे बोलणे ऐकून बाळ गप्प का झाला?

४. कारणे द्या :
(अ) समुद्र खारा असूनही पाऊस गोड असतो.
(आ) लोणावळ्यास पुष्कळ आणि सोलापुरास थोडा पाऊस पडतो.
(इ) भीमेचा उगम पश्चिम समुद्राजवळ असूनही तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते.

५. तुमच्या जवळच्या रेल्वे स्थानकावरील पाटी पाहा आणि तुमच्या गावाची समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत लिहा.

६. बशीत मिठाचे पाणी घेऊन ती उन्हात ठेवा. रोज काय दिसते त्याची नोंद करा.